डांबर संपतं तिथे

डांबर संपतं तिथे मी उतरते,
दोन्ही चाकांतली थोडी हवा सोडते.
अंगठ्याने दाबून बघायचं,
उकडत आलेल्या बटाट्याइतकं मऊ लागलं की पुरे.

व्होरूच्या इस्पितळातली रात्रपाळी
अजून डोळ्यांत चुरचुरतेय.
आठ नंबरच्या खाटेवरचे आजोबा विचारत राहिले,
"बाहेर उजाडलं का?"
जुलैत इथे अंधार धड पडतो कुठे,
तरी मी म्हटलं, हो, आत्ताच.

मग खडी.
पहिल्या वळणापर्यंत ती एकटीच बोलते.
दात, मनगटं, डब्यातला चमचा, सगळं खुळखुळतं.
मधोमध पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा,
पण कडेला, गवताला चिकटून,
वीतभर पट्टा गुळगुळीत असतो.
तो सापडला की चाक गप्प होतं
आणि मला माझा श्वास ऐकू येतो,
जरा जास्तच.

वाळू लागली तर हँडल सैल सोडायचं.
"घट्ट धरशील तर आपटशील,"
हे उर्मासने शिकवलं,
आणि त्याच उन्हाळ्यात तो टाम्पेरेला गेला,
बांधकामावर.
मी त्यालाही सैलच सोडलं.
तो काही आपटला नाही.

डावीकडे स्प्रूस, काळे, खांद्याला खांदा लावून.
उजवीकडे बर्च, मधे मधे जागा सोडून उभे,
सभेला उशिरा आलेल्या लोकांसारखे.
ओल्या सालीचा वास, मुंग्यांच्या वारुळाचा आंबट वास.
एक क्रौंच कुठूनतरी ओरडतो,
गंजलेलं फाटक उघडावं तसा.

ह्या रस्त्यावर मोटार येत नाही.
सहा वर्षांपूर्वी पूल खचला,
तो परत बांधावा एवढी माणसं पलीकडे नव्हती,
आणि अलीकडेही.
तार्तूहून येणारे सायकलवाले म्हणतात, वा, काय शांतता!
मीही म्हणते. छाती भरून घेते.
तेवढ्यात बसथांब्याचं सिमेंटचं खोपटं येतं.
काचेमागे वेळापत्रक: सात दहा, चार चाळीस,
आणि चार चाळीसवर गांधीलमाश्यांचं पोळं.

त्याच्यापुढे दुधाचा कट्टा.
फळ्यांवर शेवाळ, एक पाय कुजून वाकलेला.
इथे पहाटे अकरा कॅन उभे असायचे, लैदा सांगते,
अकरा घरांचे,
झाकणांवर लाल रंगात आकडे.
तिचा नऊ.
झाकण अजून आहे, पावट्यांच्या पिंपावर.

लैदा पायरीवर बसून ब्लूबेरी निवडते.
बोटं जांभळी, ओठ जांभळे, चष्म्याच्या काडीलाही डाग.
तिच्या घरावरून जाताना
मी पाय थांबवते, सायकल नुसती वाहू देते.
म्हातारं माणूस आहे, झोपलेलं असेल,
निदान एवढी रीत पाळावी.

आज तिने हात वर करून थांबवलं.
"परवा गेलीस ना तू? चोरासारखी?"
मी म्हटलं, त्रास नको म्हणून.
"त्रास?" तिने बेरीतलं एक पान उचलून फेकलं.
"मुरी दिवसभर जेवला नाही.
कुत्रा आहे तो, बाई.
त्याने भुंकावं तरी कुणावर? झाडांवर?"

मुरी फाटकाशी पडलेला, एक कान मुडपलेला,
माझ्याकडे न बघता बघणारा.

तिने मूठभर बेरी माझ्या हातावर ठेवल्या.
मी मागे गेले, पार कट्ट्यापर्यंत,
सायकल वळवली, उभं राहून पायडल मारलं,
खडी उडाली,
आणि फाटकासमोर घंटी वाजवली,
एकदा, दोनदा,
शाळा सुटल्यासारखी.

खचलेल्या पुलाखाली पाणी गुडघ्याएवढं.
सायकल खांद्यावर, बूट गळ्यात,
दगड पायाखाली निसटतायत.
मी अर्ध्यात पोचले तरी
मागे मुरी भुंकतोच आहे,
अकरा घरांच्या वाटणीचं.